घर दाखवणे आहे, देणे नाही

शहरातल्या अर्ध्या बिल्डरांचा धंदा ज्या माणसाच्या लेखणीवर चालत होता, तो माणूस स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता!

ऑफिसात त्यांना सगळे ‘शब्दमहर्षी’ म्हणत. घरांच्या जाहिराती लिहिणं हे त्यांचं काम. नाल्याकाठच्या इमारतीला ‘जलप्रवाहाच्या सान्निध्यात’ म्हणणारे हेच, आणि स्मशानाला चिकटून असलेल्या इमारतीसाठी ‘शांत, तक्रार न करणारा शेजार’ असं लिहिणारेही हेच! ते फ्लॅट बघता बघता खपले. महर्षींना मात्र त्यातली एखादी बाल्कनीसुद्धा परवडली नसती.

एका संध्याकाळी घरमालकीण मावशी आल्या. मावशी निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा मधाळ, की भाडं वाढवलं तरी ऐकणाऱ्याला वाटावं, आपला सत्कार चाललाय.

“तुम्ही काही परके नाही,” मावशी म्हणाल्या. ही सुरुवात झाली की खिसा धरावा. “तर पुढच्या महिन्यापासून भाडं सव्वापट करू या.”

“मावशी, आमचे पगार आहेत तेवढेच आहेत हो!”

“माझीसुद्धा पेन्शन आहे तेवढीच आहे! नसेल जमत तर राहू दे. रविवारी चार माणसं घर बघायला बोलावते.”

महर्षींची बायको तोंड उघडून ‘देतो’ म्हणणार, तेवढ्यात महर्षींच्या अंगात वीरश्री संचारली.

“बोलवा! खुशाल बोलवा! घर दाखवायचं काम माझ्याकडे लागलं!”

मावशी जिना उतरेपर्यंत बायको थांबली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांना सुया टोचायची, आणि घरी आल्यावर सुई तेवढी ठेवून द्यायची.

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? बाहेर या भाड्यात न्हाणीघर मिळत नाही!”

“अगं, ज्याला भंगार घर विकता येतं, त्याला चांगलं घर न विकणं म्हणजे हातचा मळ! मी असं वर्णन करतो, की एक माणूस पसंत करणार नाही. मग मावशी आपणहून येतील आणि म्हणतील, बाबांनो, जुन्याच भाड्यात राहा!”

“आणि नाही आल्या तर?”

“नाव बदलीन!”

“नाव बदला, माझी हरकत नाही. पत्ता बदलायची पाळी आणू नका!”

रविवारी सकाळी महर्षी कामाला लागले. मोरीतल्या नळाचा वॉशर काढला, तो टपटप गळायला लागला. जिन्यातला बल्ब काढून खिशात टाकला. मग स्टुलावर चढून त्यांनी इस्त्रीच्या फवाऱ्याने हॉलच्या छतावर एक भलामोठा ओला डाग काढला. नुसत्या पाण्याला रंग येईना, म्हणून उरलेला चहा बाटलीत ओतला. खाली बादली ठेवली. मागच्या गल्लीत पत्र्याचे ड्रम ठोकायचा कारखाना होता, रविवारीही चालणारा. त्या बाजूची खिडकी सताड उघडली. घर असं दिसायला लागलं, की बायकोलाच क्षणभर वाटलं, भाडं देतो तेच चुकतंय!

मावशी येऊन खुर्चीत बसल्या. दार उघडलं, आणि महर्षी दचकले. चार माणसं? रांग जिन्यावरून उतरून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती! एकाने तर घडीची खुर्ची आणली होती.

आधी एक नवविवाहित जोडपं आत आलं.

“वहिनी, आधीच सांगतो, हा नळ चोवीस तास गळतो!”

नवरीचे डोळे विस्फारले. “चोवीस तास पाणी असतं?” तिने नवऱ्याचा हात गच्च धरला. “ऐकलंस? चोवीस तास!”

महर्षी जरा चपापले. मागे दातांचे डॉक्टर उभे होते. महर्षींनी त्यांना छत दाखवलं. “हे बघा! कधी अंगावर येईल नेम नाही!”

डॉक्टरांनी पेशंटची दाढ बघावी तसं मान तिरपी करून छत बघितलं. “किडलंय. पण काढायला नको, आणखी काही वर्षं टिकेल. सध्या मी दवाखान्यातच झोपतो हो, पेशंटच्या खुर्चीत. तिथे छत चांगलं आहे, पण कूस बदलता येत नाही.”

मग कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई आली. मूल जिन्यात उभ्या रांगेला टाहो फोडून दाखवत होतं.

“हा आवाज ऐका, ताई! ड्रम! दिवसभर! कानठळ्या बसतात!”

ढाण! ढाण! ढाण! बाई ऐकत उभी राहिली. आणि मुलाने आईच्या खांद्यावर मान टाकली आणि चक्क डोळे मिटले!

“दादा,” तिचा आवाज भरून आला, “दिवसा पहिल्यांदाच झोपला हो हा!”

आता मात्र महर्षींनी हुकमाचा पत्ता काढला. पुढचे गृहस्थ बँकेतले साहेब होते. त्यांना कोपऱ्यात घेऊन महर्षी कुजबुजले, “तुम्हाला म्हणून सांगतो. आधीचे भाडेकरू बाथरूममध्ये घसरले, आणि गेले!”

“कुठे गेले?”

“कुठे म्हणजे काय? वर!”

साहेबांचा चेहरा उजळला. “म्हणजे वरचं पण भाड्याने देतात?”

महर्षी ‘अहो, अहो’ करेपर्यंत साहेब जिन्यात! “वर पण आहे! वर पण आहे!” अंधारात बातमी खालपर्यंत पोचली आणि अर्धी रांग वरच्या मजल्यावर चढली.

वरचा फ्लॅट वकिलांच्या स्वतःच्या मालकीचा होता. वकीलसाहेब गालाला साबण लावून दाढी करत होते. दार लोटलेलं होतं. आरशात त्यांना आपल्या मागे नऊ-दहा माणसं दिसली. एकजण पलंगाची लांबी मोजत होता. दुसरा कपाट उघडून आत शिरला होता. एका आजोबांनी अगदी आदबीने विचारलं, “आपण कधी रिकामं करताय?”

अर्धी दाढी झालेले वकील गडगडत खाली आले.

“मावशी! मी घरात जिवंत असताना तुम्ही माझं घर दाखवता?”

“आवाज खाली!” मावशींच्या तोंडून मुख्याध्यापिका बोलली. “तुमच्या मोरीचं पाणी माझ्या छतातून गळतंय, ते आधी बघा!”

वकिलांनी वर बघितलं. तावातावाने स्टुलावर चढले, छतावर बोट फिरवलं, वास घेतला, आणि पुरावा चाखूनही बघितला.

“चहा आहे! साखर घातलेला!”

सगळ्यांच्या नजरा महर्षींवर. महर्षी बादलीकडे बघत राहिले. एवढी मोठी बादली, पण तिच्यात तोंड लपवण्याची सोय नव्हती.

दातांच्या डॉक्टरांनी टाळी वाजवली. “आलं लक्षात! घर सोडणारा माणूस घराचं कौतुक करून जातो. हे गृहस्थ छताला चहा पाजून बदनामी करताहेत! म्हणजे यांना सोडायचंच नाही! म्हणजे घर अस्सल सोनं आहे!”

झालं! सोनं म्हटल्यावर काय!

“मावशी, दीडपट देतो!” डॉक्टर ओरडले.

“आम्ही दीडपट, आणि रंग आमच्या खर्चाने!” नवरीने नवऱ्याला न विचारताच जाहीर केलं.

“पावणेदोनपट! वर्षभराचं आगाऊ!” बँकेचे साहेब वरून धावत आले होते.

मूल घेतलेल्या बाईने तोंड उघडलं, आकडा ऐकला, आणि मिटलं.

मावशी छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. सव्वापट मागायला आलेल्या माणसावर अशी वेळ आली, तर दुसरं काय करणार!

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मावशींच्या पुढ्यात उभी राहिली.

“मावशी, सात वर्षं एकही महिना चुकला नाही. आम्ही कुठे जायचं?”

मावशींनी बँकेच्या साहेबांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि एक सुस्कारा सोडला. “असू दे. लोक पावणेदोन देताहेत, पण तुमच्याकडून मी काही तेवढे घेणार नाही. तुम्ही दीडपट द्या.”

‘आभारी आहे’ असं बायको म्हणाली. म्हणावं लागलं.

माणसं पांगली. ती बाई सगळ्यांत शेवटी निघाली, मूल जागं होऊ नये म्हणून एकेक पायरी चाचपत. महर्षींनी खिशातला बल्ब काढला आणि मुकाट्याने जिन्यात लावला.

आत आले तर मावशी अजून बसलेल्या!

“तुमच्या जिभेत जादू आहे हो! माझी आणखी दोन घरं आहेत. तिथले भाडेकरू हटून बसलेत, भाडं वाढवू देत नाहीत. पुढच्या रविवारी तिकडे येऊन असंच बोलाल का?”

महर्षी ताठ झाले. “मावशी! मी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ? माणसाला तत्त्व म्हणून काही असतं की नाही?”

“कमिशन किती?” बायकोने विचारलं.

पुढच्या रविवारी महर्षी गेले. तत्त्व होतंच हो, कुठे जातंय! पण मावशी भाडं तत्त्वात घेत नाहीत.