पोंक्षे आणि नवा कारभारी

पोंक्ष्यांनी नवा सदरा घातला की त्या दिवशी चप्पल जुनीच असायची. नवी चप्पल घेतली की सदरा जुना. ऑफिसातल्या एकाच्या लग्नाला ते कडक इस्त्रीचा नवा कोट आणि अंगठा तुटलेली चप्पल घालून आले, तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलंच. ते शांतपणे म्हणाले, "बाई, दोन्ही नवं घातलं आणि दिवस वाईट गेला, तर दोष कुणाला द्यायचा?"

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा धर्म. सर्दी झाली तर एक दिवस नुसता काढा, दुसऱ्या दिवशी नुसती वाफ. एकदा चुकून दोन्ही एकाच दिवशी घेतलं आणि सर्दी गेली. पोंक्षे आठवडाभर हळहळत होते, की गुण कशाचा आला ते कळलंच नाही.

आणि कुणीही कसलीही तक्रार केली की त्यांचा एकच प्रश्न असे, "काय बदललं?" आमचे हे माझ्या आमटीला नावं ठेवायला लागले, असं मी एकदा सहज बोलून गेले. झालं. डाळ बदलली? दुकान बदललं? पातेलं? चिंच? चार दिवस माझी उलटतपासणी चालली होती. शेवटी बदललेली निघाली ती ह्यांची कवळी. आमटी निर्दोष सुटली, तेव्हापासून मी पोंक्ष्यांना मानते.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं. यंत्राला थंड हवा लागते असं कळल्यावर आमच्या कंपनीच्या साहेबांनी ते मुंबईहून लोणावळ्याला आणलं. आषाढात लोणावळ्यात काड्यापेटीसुद्धा पेटत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही बायका पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून यंत्राला माहिती पुरवायचो. पावसाळ्यात कार्डं पापडासारखी फुगायची, मग ती दिव्याखाली शेकवायची. या कार्डांच्या खोलीची मी प्रमुख. यंत्राच्या खोलीचे राजे पोंक्षे.

माहिती साठवायची ती तबकड्यांवर. परातीएवढ्या तबकड्या एकावर एक रचून गरगर फिरत असत आणि एक यांत्रिक हात त्यांच्यावरची माहिती टिपून घ्यायचा. या सगळ्यावर हुकूम चालवणारी एक मूळ आज्ञावली यंत्रात असते. तिला पोंक्षे 'कारभारी' म्हणायचे.

त्या वर्षी मुख्य कचेरीतून नवा कारभारी आला. साहेबांनी उत्साहाच्या भरात तबकड्यांचं कपाटही त्याच दिवशी खिडकीपासून भिंतीकडे हलवलं. दोन बदल एकदम! पोंक्ष्यांना जेवण गेलं नाही. आणि दुसऱ्याच दिवसापासून यंत्र रेंगाळायला लागलं. सकाळी घातलेलं काम दुपारी बाहेर पडायचं ते संध्याकाळ झाली तरी आतच.

"कारभारी बदलल्यापासून हे सुरू झालंय," पोंक्षे मला सांगत होते. झाडणाऱ्या ठकामावशी केरसुणी टाकून उभ्या राहिल्या.

"आगं बया! कुनाचा कारभारी बदलला?"

"यंत्राचा हो, मावशी."

"यंत्राचा व्हय? माला वाटलं कुना बाईचा. मंग मंदावनारच की. नव्याला घर कळाय येळ लागतो."

मुंबईहून आलेल्या इंजिनिअरने दमट हवेला दोष दिला. "पाऊस गेल्या वर्षीही होता," पोंक्षे म्हणाले. साहेबांनी विजेच्या दाबावर ठपका ठेवला. कुणीतरी नारळ फोडायला सुचवलं. "फोडा," पोंक्षे म्हणाले, "पण त्या दिवशी मी दुसरं काही करणार नाही. नाहीतर नारळाचा गुण कळायचा नाही." नारळ फुटला. खोबरं आम्ही खाल्लं. यंत्र तसंच.

मग पोंक्ष्यांनी कपाट परत खिडकीपाशी नेलं. फरक नाही. म्हणजे दोष कारभाऱ्याचा, हे ठरलं. पण जुना कारभारी परत आणायची सोय नव्हती, नवी कामं त्याला येत नव्हती.

तेवढ्यात साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की महिनाअखेरीपर्यंत यंत्र सुधारलं नाही तर ते मुंबईला जाईल. पोंक्षे त्याच्याबरोबर जातील, वरच्या जागेवर. कार्डांची खोली बंद.

माझ्या हाताखालच्या मुली वडगाव, कामशेत, मळवलीच्या. मुंबईला कुणाला जाता येणार होतं? त्यातल्या हौसाला नुकती मुलगी झाली होती. तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. बाळंतपणाची रजा संपायच्या आत नोकरीच संपणार, असं दिसत होतं. मी पोंक्ष्यांना स्पष्टच म्हटलं, "तुमचं काय, तुम्हाला बढती आहे. माझ्या पोरींनी काय करायचं?"

ते कपाटाला कान लावून उभे राहिले. "हात जागचा हलत नाही," एवढंच पुटपुटले. "हलला तर खडखड ऐकू येते. हात हलत नाही, तबकडी थांबत नाही, मग वेळ जातो कुठं?"

त्याच रविवारी हौसाच्या मुलीचं बारसं होतं, मळवलीला. अंगणात समोरासमोर दोन पंगती बसल्या. पोंक्षे माझ्या शेजारी. तिथं मला त्यांची आणखी एक तऱ्हा कळली. घास पुरता चावून गिळल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. हौसाचा दीर बुंदी घेऊन आला. "घ्या भाऊ." पोंक्षे चावत होते. त्यांनी बोट वर केलं. त्याला वाटलं, नको. तो पुढं गेला. पोंक्ष्यांनी घास गिळला तेव्हा बुंदी माझ्या पानावर पडत होती. दीर पंगतीच्या टोकाला जाऊन, समोरची ओळ संपवून, पुन्हा आला. पोंक्षे पुन्हा चावत होते.

"भाऊ, तुमी ग्वाड खानार का न्हाई? का आमच्या बुंदीवर रुसलाय?" दीर हसत पुढं गेला.

पोंक्ष्यांनी घास गिळला आणि ते ओरडले, "फेरी!"

सगळी पंगत त्यांच्याकडं बघायला लागली. हौसाची सासू म्हणाली, "ठसका लागला का काय पाव्हण्याला? पानी द्या."

"बाई, मी किती उशीर करतोय? एका पावलाचा! वाढपी एक पाऊल पुढं गेला की संपलं, मग अख्खी फेरी उपाशी. नवा कारभारी असाच आहे. जुना बकाबका खायचा. हा प्रत्येक घास तपासून गिळतो. तो तयार होईतो तबकडीवरचा पुढचा घास हाताखालून निघून गेलेला असतो. मग पूर्ण फेरीची वाट!"

"मग त्याला भराभर जेवायला लावा," मी म्हणाले.

"सवय कशाला मोडायची? घास लांब लांब ठेवायचे. एकाआड एक, म्हणजे हा गिळून मोकळा होईल तेव्हाच पुढचा हाताखाली येईल."

बुंदी न खाताच ते स्टेशनाकडे निघाले. सोमवारपासून तबकड्यांवरची सगळी माहिती एक जागा सोडून एक अशी नव्याने मांडायला घेतली. आम्ही कार्डं शेकवून शेकवून पुरवली. मांडून झाल्यावर पहिलं काम दुपारच्या चहाच्या आत बाहेर पडलं. साहेबांनी मुख्य कचेरीला फोन लावला. यंत्र लोणावळ्यातच राहिलं, कार्डांची खोली राहिली. पोंक्षेही राहिले, होत्या त्याच जागेवर.

दिवाळीनंतर एका रविवारी ते मला बाजारात भेटले. बरोबर एक तरुण बाई आणि तिची लहान मुलगी. "ही माझी सुमन. मुंबईला असते," ते म्हणाले आणि नातीला चिक्की घ्यायला दुकानात शिरले.

सुमन मोकळी होती. "बाबा मुंबईला येणार म्हणून आम्ही गॅलरीला खिडक्या बसवून घेतल्या होत्या," ती म्हणाली. "खाटसुद्धा टाकली. आई गेल्यापासून मी मागं लागलेय. आता यंत्राबरोबर येतीलच असं वाटलं, तर यंत्रच इथं राहिलं. रोज ही विचारायची, आजोबा कधी येणार?"

दुपारच्या गाडीनं त्या दोघी गेल्या. मी स्टेशनाबाहेर भाजी घेत होते. गाडी सुटून बराच वेळ झाला तरी पोंक्षे बाहेर येईनात, म्हणून मी आत गेले. ते मुंबईच्या दिशेला तोंड करून फलाटावर उभे होते.

मला आडून बोलता येत नाही. "महिनाभर गप्प बसला असतात तर आपोआप लेकीकडे गेला असतात की," मी म्हणाले.

"बसणार होतो," ते म्हणाले. "पण सापडलं हो. सापडल्यावर न सापडल्यासारखं करायला मला येत नाही." मग म्हणाले, "आणि हौसालाही मुलगी आहे की."

मी हातातली पिशवी त्यांच्यापुढं धरली. "ही घ्या. फार जड झालीय. आमच्या घरापर्यंत पोचवा, आणि आलाच आहात तर जेवूनच जा."

पिशवीत कोथिंबिरीच्या दोन जुड्या होत्या. पोंक्ष्यांनी ती घेतली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाटेत दोनदा हात बदलून ती घरापर्यंत आणली.