वाटणीचं ऊन

सन २०२३. माझं वय तेव्हा एकाहत्तर, आणि आष्ट्यातल्या आमच्या गल्लीत सावलीत बसायची चोरी झाली होती. कुणी लिंबाखाली जरा टेकला, की मागनं गळ्यात छत्रीची वाकडी मूठ अडकायची आणि आवाज यायचा, "ऊठ गड्या, ऊन खा!"

हा आवाज बिरूचा. छत्री बायकी, गुलाबी फुलाफुलांची. धरणारा सहा फुटी, मिशा कानाकडं निघालेल्या, डोक्याला लाल पटका. त्याच्या हातात ती छत्री उघडलेली कुणी कधी बघितली नाही. पाऊस आला तरी काखेत मारून भिजत यायचा.

बिरू पूर्वेकडचा, दुष्काळी भागातला. जवानीत आमच्या उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला यायचा. एका साली परत गेलाच नाही. तुकडा घेतला, माझ्या दारासमोर घर बांधलं. मी चौथी शिकलेला, तो तेवढाही नाही, त्यामुळं आमच्यात शहाणपणाची भांडणं लय झाली.

उन्हाचं हे वेड मात्र मिरजेहून आलं. त्याची एकुलती पोरगी पूनम. सासर कोरेगावला, नवरा पलटणीत. तिला एका डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, मग पाय बधिर पडला. मिरजेच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढून नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. औषधपाण्याला जवळ पडतं म्हणून जावयानंच तिला बापाकडं आणून ठेवलं.

"म्हंजे झालंय काय?" मी बिरूला विचारलं.

"राखणीचं कुत्रंच मेंढराला चावाय लागलंय," तो म्हणाला. "अंगाची राखण करनारी ताकद आपल्याच नसांवरचं कवच कुरतडतीया."

"कशानं पर?"

"डॉक्टर म्हनला, एक कारण न्हाई. कायतरी रक्तातनं येतंय. लहानपणी एक ताप येतो, मानंला गाठी उठतात, त्याचा इषाणू अंगात ऱ्हातो. ऊन कमी लागलं तर ड जीवनसत्त्व कमी पडतंय. बिडीचा धूर. आन बायकास्नी जास्त." मग म्हणाला, "ह्ये सगळं असून बी बहुतेकास्नी कायच हुत न्हाई म्हनं. कुनाचा दोष न्हाई म्हनं."

शेवटचं वाक्य त्यानं असं म्हटलं, जसा व्यापाऱ्यानं सांगितलेला, न पटलेला भाव.

पहिल्या आठवड्यात त्यानं पूनमलाच भर दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसवलं. पोरीचे पाय लटपटले, डोळ्यापुढं पुन्हा धुकं आलं. डॉक्टरांनी बिरूला फैलावर घेतलं. ह्या आजारात उष्णता सोसत नाही, सकाळचं कोवळं ऊन घडीभर पुरे, बाकी गोळ्या आहेत. सावलीत आल्यावर तासाभरात पूनम सावरली. बिरू सावरला नाही. पोरीला ऊन देता येईना, म्हणून त्यानं सगळी गल्ली उन्हात काढायला घेतली.

चहाच्या टपरीवर जो भेटेल त्याची मान चाचपायचा. "लहानपनी गाठी आल्या हुत्या का रं?" तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटरवर निघालेल्या पोरींना आडवा व्हायचा. "सूर्य काय परका बाप्या हाय व्हय? तोंड उघडा की!" एकीनं स्कूटर थांबवून उत्तर दिलं, "तात्या, तोंड सासूला दाखवायचंय. तुमच्यासाठी बाह्या वर करते." तेवढ्यावर खूष होऊन त्यानं तिला चहा पाजला.

माझ्या नातीला बघायला पाहुणे आले, तर हा मधोमध येऊन बसला. मुलाला म्हणाला, "बिडी-शिगरेट?"

"नाही."

"मानंला गाठी?"

मुलाचा बाप उखडला. "आवं, पोरगी बघायला आमी आलोय का तुमी पोरगं तपासाय?"

"मग अंगणात चला. उजेडात नीट दिसंल."

सगळ्यांनी उन्हात पोहे खाल्ले. लग्न जमलं. बिरू म्हणतो, उन्हानं जमलं. मी म्हणतो, डोकी तापल्यावर पाहुण्यांनी मानपानाचं बोलणं आवरतं घेतलं.

इथवर सगळं गोड. बिनसलं ते बिडीवरनं. उभी हयात आम्ही दोघं त्याच्या घराच्या पुढच्या सोप्यावर बसून एका काडीवर दोन बिड्या पेटवलेल्या. पुढच्या तपासणीला जाऊन मिरजेहून आला त्या दिवशी त्यानं स्वतःचं बंडल ओढ्यात टाकलं आणि मला म्हणाला, "सोप्यावर धूर नगं. तिला बाधतोय. आन नुसतं विझवून बी येऊ नगंस, सोडून ये. तुझ्या कापडाला सुदिक वास मारतोय."

"माझ्या बिडीला जागा न्हाई, तितं मला न्हाई," मी म्हणालो आणि उठलो. मी शब्दाचा पक्का आहे. त्या दिवसापासनं मी माझ्या पायरीवर, तो त्याच्या सोप्यावर, मधे गल्ली. एकमेकांकडं पाठ. दोघांनाही ऐकू कमी येतं, तरी मुद्दाम मोठ्यानं खाकरायचो.

पूनम दारातनं हसायची. "शामूकाका, रुसवा तिकडंच ठेवा, पर धूर वाऱ्यानं हिकडं येतोय." मी तोंड फिरवून धूर भिंतीवर सोडायचो. तेवढं केलं. पण उठून पलीकडं त्याच्याकडं गेलो नाही.

असा पाऊसकाळ गेला. दसऱ्यानंतर ऊन तापलं, तशी एक दिवस दुपारी पूनम भिंतीला धरत, पाय ओढत माझ्या दारात आली.

"काका, तात्यास्नी आत घ्या. परसात बसल्यात. काल घेरी आली तरी ऐकत न्हाईत."

सोप्यावर पाय ठेवायचा नाही हे ठरलेलं, म्हणून मी बोळातनं मागल्या दारी गेलो. बिरू दगडावर बसला होता, पटका मांडीवर, टक्कल उघडं. घाम डोळ्यांत चाललेला. छत्री शेजारी आडवी.

"काय लावलंयस रं ह्ये?" मी म्हणालो.

तो वर न बघता म्हणाला, "तिच्या वाटणीचं घेतोय."

"काय?"

"ऊन. तिला सोसत न्हाई. मग तिच्या वाटणीचं कुनी घ्यायचं?"

"येड्या, तू घेटल्यालं तिच्या अंगात जातंय व्हय?"

"जात न्हाई. मला ठावं हाय." त्यानं छत्रीवरनं हात फिरवला. "शामू, माझी आय मेंढरामागं करपून गेली. बायको बी. म्हनलं, माझी पोर सावलीत वाढंल. साळंला जाताना ही छत्री आनली मी तिला. अंगणात खेळाय लागली की आत हाकलायचो, काळी पडशील म्हनून. आन आत आपुन दोघं धूर करत बसल्यालो." मग म्हणाला, "समद्या मेंढरास्नी ऊन दिलं रं मी. पोरीला तेवढं चोरून ठेवलं."

"डॉक्टर म्हनला न्हवं, कुनाचा दोष न्हाई?"

"त्यो शिकल्याला हाय. त्याला म्हनाय येतंय."

आतनं पूनमचा आवाज आला. "तात्या, ती छत्री घेऊन वर्गात मी एकटीच मिरवायची! सगळ्या पोरी जळायच्या माझ्यावर! आता या आत, भाकरी वाळली!"

तो हलला नाही. मी बरंच बोललो. दगड आणि बिरू, दोघांनीही ऐकून घेतलं. शेवटी मी चिडून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना बिड्यांचं बंडल चुलीत घातलं. नातसुनेनं विचारलं तर म्हटलं, ओल धरली होती. अंग घासून धुतलं, धुवट कापडं घातली, गल्ली ओलांडली, सोप्यावरनं सरळ आत गेलो आणि परसात निघालो. बिरू दगडावर येऊन बसलाच होता. मी छत्री उचलली. गंजलेली, उघडेना, दोनदा बोट चिमटलं. मग फाटकन उघडली, आणि ती गुलाबी फुलं मी त्याच्या टकलावर धरली.

"मीट ती!" तो ओरडला.

"गप बस सावलीत," मी म्हणालो. "आज तिच्या वाटणीचं मी घेतो."