फ्रीझरमधली बदकीण

इस्त्री फिरली आणि बेडूक नाहीसा झाला. चित्रकारांना वाटलं, आपण कागद उलटा धरलाय. उलटून पाहिला, तर त्या बाजूलाही काही नव्हतं. मग त्यांनी आधी इस्त्री केलेले अकरा कागद घाईघाईने चाळले. तेही धुतल्या तांदळासारखे स्वच्छ.

चित्रकार पलंगावर बसले ते बसलेच. परक्या देशातली हॉटेलची खोली, घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं आणि अकराला खाली प्रकाशकबाई येणार. या बाईंनी तीन वर्षांत तीन वेळा मुलांच्या पुस्तकासाठीची चित्रं परत पाठवली होती, तीही एकाच शेऱ्यासह: ‘सुबक आहेत, पण जीव नाही.’ या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, ‘घेऊनच या, समोरासमोर ठरवू.’ म्हणजे आता नाही तर कधीच नाही. बॅगेत चुरगळलेली चित्रं नीटनेटकी दिसावीत म्हणून हा इस्त्रीचा उद्योग, आणि त्यात तीही गेली होती.

चित्रकारांना दर सहा महिन्यांनी माध्यम बदलायची खोड होती. बिटाच्या रसातली चित्रं मुंग्यांनी संपवली. बूटपॉलिशमधली पाहुण्यांच्या पाठीवर उमटली. यंदा पुसता येणारी रंगीत शाई होती. पेनाच्या टोकाच्या रबराने घासलं, की रेघ गायब! घासल्याने ऊब येते आणि उबेने शाई उडते, हे पाकिटावर लिहिलेलं होतं. पण पाकिटं वाचायचं खातं त्यांच्या घरात बायकोकडे होतं.

त्यांनी घरी फोन लावला.

“अगं, सगळं गेलं!”

“पासपोर्ट?”

“चित्रं! इस्त्री केली मी त्यांना.”

“जन्मात शर्टाला कधी केली नाहीत ती!” बायको म्हणाली. “रडू नका. फ्रीझरमध्ये ठेवा. गारठली की परत दिसतात.”

“तुला कसं माहीत?”

“ते मागाहून. आधी ठेवा.”

हॉटेलच्या स्वयंपाकघरातली बाई चांगली धिप्पाड होती. चित्रकारांनी हातवारे करून कोरे कागद फ्रीझरकडे दाखवले, तशी ती दोन पावलं मागे सरली.

“यावर काय आहे?”

“बेडूक.”

“कुठंय?”

“येईल आता.”

वेड्याच्या नादी कोण लागणार? तिने कागद घेतले आणि मटारच्या पिशव्यांखाली सारले. चित्रकार फ्रीझरसमोर येरझाऱ्या घालू लागले. दर दोन मिनिटांनी दार उघडायला जात आणि बाई त्यांच्या हातावर चापट मारी. अकराला पाच कमी असताना तिने पहिला कागद ओढला. निळं तळं, हिरवा बेडूक, सगळं जागच्या जागी! चित्रकारांनी तिचे दोन्ही हात धरून हलवले आणि बाकीचे न बघताच गठ्ठा घेऊन पळाले.

प्रकाशकबाई एकेक गार पान उलटू लागल्या. चेहऱ्यावर काही नाही. सात पानं तशीच गेली. आठव्यावर त्या थांबल्या. चित्रकारांनी वाकून पाहिलं.

पानावर बेडकाच्या शेजारी बदकीण उभी होती. कमरेवर पंख, चष्मा डोक्यावर, आणि तोच चष्मा ती ओरडत शोधत होती. एका भांडणानंतर रागाच्या भरात त्यांनी बायकोचं हे चित्र काढलं होतं आणि तिची पावलं वाजताच घासून पुसलं होतं. थंडीने पुसलेलंही परत आणलं होतं.

“ही चुकून...” ते पुटपुटले.

“ही कोण?” बाई हसू दाबत म्हणाल्या. “हिच्यात जीव आहे! बेडूक राहू द्या बाजूला. हिचीच पाच पुस्तकं करू या.”

चित्रकारांना आनंद झाला, आणि त्याच क्षणी बायको आठवली. खोलीत येऊन त्यांनी फोन लावला.

“घेतली चित्रं. म्हणजे... एक आवडलं त्यांना.”

“आठवं ना? बदकीण?”

“तुला कुठून कळलं?”

“मी आले तेव्हा एवढ्या घाईने काय घासत होतात, ते बघायला नको?” बायको म्हणाली. “पाकीट वाचलं, कागद फ्रीझरमध्ये ठेवला, बघितली, आणि परत घासून ठेवली.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“चांगली जमली होती हो,” ती म्हणाली. “फक्त परत आलात की मला समोर बसवून काढा. मान माझी एवढी लांब नाही.”