एका पडद्यावर एक अक्षर

नवा माणूस भेटला की तात्या आधी त्याचा फोन मागायचे, नाव नंतर विचारायचे. फोन हातात आला की खिशातून मापाचं व्हर्निअर काढायचे, पडद्यावरचं एखादं बटण त्याच्या जबड्यात धरायचे, "सात पूर्णांक एक," असं पुटपुटायचे आणि वाईट बातमी सांगितल्यासारखा चेहरा करून फोन परत द्यायचे. पाहुणा घाबरून माझ्याकडं बघायचा. मी म्हणायची, "काही नाही, बटणाची रुंदी आहे."

बारामतीत एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं पाच माणसांचं ऑफिस. भाजीपाला करणाऱ्यांना बाजारभाव कळावेत म्हणून आम्ही एक ॲप करत होतो. तात्या आधी वीस वर्षं लेथवर टर्नर. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकले आणि पडद्यांची मांडणी करायला आमच्याकडं आले.

पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "तात्या, मापं सगळी डीपीत द्यायची." त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कुठली डीपी? आमच्या शेळगावात डीपी जळून चार दिवस झालेत. लाईट न्हाय."

मग मी समजावलं. फोनचा पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. स्वस्त फोनात ठिपके विरळ, महागात दाट. बटण शंभर ठिपक्यांचं केलं तर एका फोनावर ते बिस्किटाएवढं दिसतं, दुसऱ्यावर हरभऱ्याएवढं. म्हणून ठिपके मोजायचे नाहीत, डीपी मोजायचे. एकशेसाठ डीपीचा साधारण एक इंच होतो.

"साधारण?" तात्यांनी तेवढा एकच शब्द उचलला.

त्या 'साधारण'नं त्यांची झोप उडाली. एका फोनात बटण सात पूर्णांक सहा मिलिमीटर भरायचं, दुसऱ्यात सात पूर्णांक एक. "कुणाच्या घरचा इंच हाय ह्यो? आमच्या लेथवर एवढा फरक निघाला तर मालक जॉब भंगारात टाकायचा." फोन बनवणारे ठिपक्यांच्या घनतेचा आकडा जवळपासचा धरतात, हे त्यांना पटलंच नाही. घराघरांतून जुने फोन गोळा करून त्यांनी टेबलावर रांग लावली, प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, पट्टीवर माप. चहावाला आमच्या ऑफिसला फोनचा दवाखाना समजायचा.

हसण्यात दिवस चालले होते. मग अक्षरांवरून बिनसलं.

अक्षरांचं माप वेगळं, एसपी. कुणी आपल्या फोनात अक्षर मोठं करून घेतलं असेल तर एसपी त्याचं ऐकतं, डीपी ऐकत नाही. आमच्या ॲपमध्ये अक्षर मोठं केलं की टोमॅटोचा भाव चौकटीबाहेर जायचा. आमचे साहेब म्हणाले, अक्षरंही डीपीतच बांधून टाका, म्हणजे कुठंच बिघडणार नाही. मी अर्ध्या तासात बांधून टाकली.

तात्या माझ्या टेबलापाशी आले. "ताई, ज्याला बारीक दिसत न्हाय त्यानं काय करायचं?"

"असे कितीजण असणार, तात्या?"

त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरले. तीन दिवस आले नाहीत, फोनही उचलेनात. चौथ्या दिवशी मी स्कूटी काढून शेळगावला गेले.

तात्या दूध घालायला डेअरीत गेले होते. ओसरीवर त्यांची थोरली बहीण मेथी निवडत बसली होती. आई गेल्यावर हिनंच तात्यांना वाढवलं, पुढं नवरा गेल्यावर ती परत इथंच आली. गावात सगळे तिला आक्का म्हणतात. मेथीकडं न बघता ती काड्या बाजूला टाकत होती. शुगरनं डोळे गेलेत, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

"दत्तूनं, तुमच्या तात्यानं, मला फोनात करून दिलंय," ती म्हणाली. "रोज सकाळी काहीतरी लिहून ठेवतो. आधी सगळी ओळ मावायची. मग दोन शब्द. आता एका टायमाला एकच अक्षार. अंगठा फिरवला की फुडचं. संपलं की फोन थरथरतो."

"तुम्हाला वाचता येतं?"

"पांढरं दिसतं नुसतं." तिनं आवाज हळू केला. "त्याला सांगू नका. वाचलं का म्हनतो, मी वाचलं म्हनते. शुगरच्या गोळीचंच तर असतं रोज."

"फोनला वाचून दाखवायला लावता येतं, आक्का."

"मग त्याला कळंल की, दिसत न्हाय ते."

तिनं फोन माझ्या हातात दिला. आजचं काय आहे बघा म्हणाली. मी अंगठा फिरवू लागले. आख्ख्या पडद्यावर एक अक्षर, मग दुसरं. जोडत गेले तसे शब्द झाले. आक्का. डोळ्यांसाठी. तुला. पुण्याला. न्यायला. उशीर. मी. केला.

फोन थरथरला.

"गोळीचंच हाय ना?"

"हो," मी म्हणाले. "गोळीचंच."

मान वर केली तर दारात तात्या उभे होते, हातात रिकामी किटली. माझ्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं. किटली खाली ठेवून ते आक्काच्या शेजारी बसले. मेथीची एक काडी उचलून बोटात फिरवली.

"आक्का," ते म्हणाले, "गोळीचं न्हाय लिहिलं मी. लई दिवस झालं, न्हाय लिहीत."

आक्काचे हात चालूच होते.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "गोळीचं सहा अक्षरात भागतं. तू रोज केवढं लांबडं लिहितोस, फिरवून फिरवून अंगठा दुखतो. काय असंल ते बोल आता तोंडानं."