अडकलेली शिंक

"साधं अपडेट आहे गं ताई, दोन मिनिटांत होतंय," असं म्हणत उचापत्याने बटण दाबलं आणि ताईच्या लॅपटॉपचा पडदा तव्याच्या बुडासारखा काळा झाला.

उचापत्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो नळ आणि फरशांच्या दुकानात विक्रेता होता, डोक्यावरचे केस निम्मे गेले होते, दोन मुलांचा बाप होता. पण चालू असलेली वस्तू उघडून बघायची खोड लहानपणापासूनची, म्हणून थोरल्या बहिणीने ठेवलेलं हे नाव त्याला जन्माचं चिकटलं. "व्हायरस येत नाही, फुकट मिळतं आणि कधी बंद पडत नाही," असं सांगून त्यानेच ताईच्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची संगणकप्रणाली चढवली होती. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी खऱ्या होत्या.

"काय केलंस?" स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला.

"काही नाही! ग्राफिक्स ड्रायव्हर नवा आलाय, तेवढा बसवला."

"जुन्याला काय धाड भरली होती?"

जुना ड्रायव्हर बिचारा मुकाट्याने काम करत होता. आणि तीन वाजता याच लॅपटॉपवर ताईची मुलाखत होती. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी. फोनवरून चालणार नाही, असं शाळेने आधीच बजावलं होतं.

ही ताईची चौथी खेप. ज्ञानात ती कुणाला हार जाणारी नव्हती, पण समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की हिची गाडी घसरायची. मागच्या खेपेला समितीतल्या एका गृहस्थांनी भुवई उंचावली, तर ताईने आपलं चांगलं उत्तर मागे घेऊन "नाही, माझंच चुकत असेल," असं सांगून टाकलं. नंतर कळलं, त्यांच्या डोळ्यात चिलट गेलं होतं. जागा मात्र दुसरीला गेली.

"हे काळं का झालंय?" ताई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली.

"ताई, शांत हो. ड्रायव्हर म्हणजे पडद्यावर चित्र आणून देणारा. नवा जरा बावचळलाय. काढून टाकतो."

त्याने तीन बटणं एकदम दाबली. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. त्याने पासवर्ड मारायला सुरुवात केली.

"काहीच उमटत नाहीये रे."

"इथे पासवर्ड दिसत नाही, तसंच असतं."

"तसंच असतं? मग तू लिहितोयस की नुसता बडवतोयस?"

"ताई, तू साडी बदल."

"आणि तुझा लॅपटॉप आण की मेल्या!"

उचापत्याने आपल्या लॅपटॉपवर हेच अपडेट काल चढवलं होतं. आज त्यावर नुसते आडवे पट्टे दिसत होते.

नवा ड्रायव्हर निघाला. चित्र आलं, पण एवढं मोठं की पडद्यावर चारच चिन्हं मावत होती. "हे आजोबांसाठी आहे का?" ताईने विचारलं. मग फोनवर शोधून शोधून त्याने तिसराच एक ड्रायव्हर बसवला. चित्र झकास आलं. तो गाणं म्हणत व्हिडिओ लावून बघायला गेला, तर थोड्या वेळाने चित्र जागच्या जागी थिजलं. आवाज चालू, चित्र मात्र पुतळा. बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. तोवर पावणेतीन झाले.

"झालं?" ताई इस्त्रीची साडी नेसून हजर.

"झालं म्हणजे... बहुतेक झालं."

"या 'बहुतेक'वर माझी नोकरी टांगू नकोस हं!"

तीनच्या ठोक्याला समोर तीन चेहरे उमटले. मध्ये अध्यक्ष, भरघोस मिशा, नाक लाल. उचापत्या टेबलाखाली जाऊन चार्जरची सैल वायर धरून बसला. तिथून त्याला ताईचे पाय तेवढे दिसत होते, आणि ते लटलट कापत होते.

पहिला प्रश्न झाला. दुसरा सुरू झाला आणि ताईचे पाय एकदम थांबले.

उचापत्याने हळूच मान वर काढली. पडदा थिजला होता. दोन्ही बाजूचे सदस्य साध्या चेहऱ्याने थिजले होते, पण अध्यक्ष नेमके शिंक येता येता अडकले होते. एक डोळा मिटलेला, एक अर्धा, नाकपुड्या फुगलेल्या, तोंडाचा आ. आवाज मात्र खणखणीत येत होता.

बंद करून चालू करावं, तर मुलाखत तुटणार. उचापत्याने खालूनच हाताने खूण केली: बोलत राहा.

"पालकांनी एका शिक्षिकेविरुद्ध तक्रार केली," शिंकेतून आवाज आला, "आणि समिती म्हणाली, काढून टाका. काय कराल?"

"आधी चौकशी करीन. नुसत्या तक्रारीवर काढणार नाही."

"आम्ही सांगितलं तरी?" आवाज चढला.

उचापत्याने डोळे मिटले. आता ही 'माझंच चुकत असेल' म्हणणार! पण ताई त्या फुगलेल्या नाकपुड्यांकडे बघत होती. अशा माणसाला कोण घाबरणार?

"तरी नाही," ती म्हणाली. आणि वर चक्क हसली.

पुढची सगळी उत्तरं तिने अशी दिली, जणू चौथीच्या वर्गाला पाढे शिकवतेय. शेवटी "धन्यवाद, बाई," असा आवाज आला आणि शांतता पसरली.

"गेले का रे?" ताईने टेबलाखाली वाकून विचारलं. "बाई गं, त्या अध्यक्षांचं तोंड! मिशीवाला बोका शिंकायच्या बेतात! शिंकले का नाही रे अखेर?"

"नाही अजून," लॅपटॉपमधून आवाज आला. "सकाळपासून नुसतीच हुलकावणी देतेय."

पडदा थिजला होता, मुलाखत बंद झालीच नव्हती. ताईचा चेहरा पांढराफटक. उचापत्याचं डोकं टेबलावर खाडकन आपटलं.

ताईने काय करावं? तिने सगळं खरं सांगून टाकलं. ड्रायव्हर, थिजलेलं चित्र, टेबलाखालचा भाऊ. पलीकडून एक दणदणीत शिंक आली, आणि पाठोपाठ तिघांचं हसू.

संध्याकाळी फोन आला. ताईने ऐकलं, मटकन खुर्चीत बसली, आणि भावाच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. म्हणजे जागा मिळाली.

"थांब, अध्यक्षांना तुझ्याशी बोलायचंय."

"नमस्कार," पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "दर सोमवारी वरच्या साहेबांबरोबर आमची ऑनलाइन मीटिंग असते. साहेब फार डोळे वटारतात हो. माझ्या लॅपटॉपवर ते तसं... अडकवून द्याल का?"

"देतो की! सोपं आहे!"

रविवारी तो त्यांच्याकडे गेला. तेच लिनक्स चढवलं, नवा ड्रायव्हर घातला, काढला, जुना घातला, तिसराही घालून पाहिला. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी वस्तू मुद्दाम बिघडवायची होती, आणि ती काही केल्या बिघडेना.