बांधावरची ओल

मंगळवारी सकाळी व्हर्लिन ओबरहोल्ट्झर कॉफीचा मग हातात घेऊन धरणाच्या बांधावर फेरी मारायला गेला आणि बाहेरच्या उतारावर त्याला ओल दिसली. चांगली जेवणाच्या टेबलाएवढी. त्याने सपातेने दाबून पाहिलं, तर पच्च असा आवाज आला. ओहायोच्या त्या कोपऱ्यात महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. म्हणजे हे पाणी वरून आलेलं नाही, आतून आलेलं आहे, एवढं गणित त्याला जमलं. उरलेली कॉफी तिथेच सांडली. ती त्याच ओलीत मिसळली आणि ओल आणखी भयंकर दिसू लागली.

धरण म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. अडीच माणूस उंचीचा मातीचा बांध आणि त्यामागे पाच-सहा एकरांचं तळं. काठावरच्या सतरा घरांनी पोहावं, मासे धरावेत, संध्याकाळी होडीत बसून शेजाऱ्यांची उणीदुणी काढावीत, एवढ्यासाठीच ते होतं. मालकी सतरा घरांची मिळून, आणि तळ्याच्या मंडळाचा अध्यक्ष व्हर्लिन. तो पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडलेला असताना मंडळाची सभा झाली होती, आणि गैरहजर माणूस नकार देऊ शकत नाही हे सगळ्यांच्या वेळेवर लक्षात आलं होतं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून एकाही पोराला खरचटू न देणारा हा माणूस आता बांधाच्या काळजीने वाळत चालला होता. त्यात गुरुवारी राज्याच्या धरण-सुरक्षा खात्याच्या इंजिनियर बाई तपासणीला येणार होत्या.

मंडळाच्या कपाटात 'आणीबाणी' असं लिहिलेली फाइल होती. व्हर्लिनने ती उघडली. पहिला नंबर ज्यांचा होता ते वारून नऊ वर्षं झाली होती. दुसऱ्या नंबरवर एका पोरीने पिझ्झा मोठा हवा की मध्यम, असं विचारलं. तिसरा नंबर त्याचा स्वतःचाच होता.

तेव्हा त्याने बांधाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी एकटीच राहणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या ऑर्फाबाईंना फोन लावला.

"ऑर्फाबाई, व्हर्लिन बोलतोय. घाबरू नका, पण जरा वर येऊन बसता का आमच्याकडे?"

"का रे? बायको आजारी आहे का?"

"नाही, वेल्डा बाजारात गेलीय. बांधाला ओल आलीय. फुटेलच असं नाही म्हणत मी."

पलीकडे ओव्हनचं दार उघडून मिटल्याचा आवाज आला. मग ऑर्फाबाई म्हणाल्या, "किती वेळ आहे माझ्याकडे? ओव्हनमध्ये पाव आहे. अजून वीस मिनिटं लागतील त्याला."

तेवढ्यात क्लीट बाउसमन येऊन ठेपला. क्लीट निवृत्त प्लंबर. पाण्यासंबंधी जगात जे काही आहे ते आपल्याला कळतं, अशी त्याची श्रद्धा होती. तो ओलीपाशी उकिडवा बसला, बोट बुडवून त्याने वास घेतला आणि गंभीर झाला.

"पाण्याला रंग आलाय, व्हर्लिन. तपकिरी. आतली माती वाहून येतेय."

ती कॉफी आहे हे व्हर्लिनला त्या घडीला सुचलंच नाही.

"मग करायचं काय?"

"तळं उतरवायचं. पाण्याचा दाब कमी केला की बांध वाचतो. तळाचा व्हॉल्व्ह उघड."

हा व्हॉल्व्ह तळ्यातल्या एका चौथऱ्याखाली होता. तिथवर लाकडी साकव, आणि चौथऱ्यावर बसच्या स्टिअरिंगएवढं लोखंडी चाक. ते शेवटचं कुणी फिरवलं हे कुणालाच आठवत नव्हतं. व्हर्लिनने त्यावर तेल ओतलं. क्लीटने चाकात लांबलचक पाइप अडकवला. आजूबाजूच्या घरांतून आणखी दोघे जण न्याहारी अर्धी टाकून आले. चौघांनी जोर लावला. चाक हललं नाही, साकव मात्र हलला.

"एकदम लावा," क्लीट म्हणाला. "मी तीन म्हणालो की."

तो दोनवर असतानाच चाक सुटलं. गरागरा फिरलं, चौघेही एकमेकांच्या अंगावर पडले, आणि पाण्याखाली कुठेतरी कडाड्कन काहीतरी मोडलं. मग बांधाच्या पलीकडून घोंघावल्यासारखा आवाज आला आणि ओढ्यात पाण्याचा जाड लोट उसळला.

"उघडला," क्लीट समाधानाने म्हणाला.

"बंद कसा करायचा?" व्हर्लिनने विचारलं.

क्लीटने चाक एका बोटाने फिरवून पाहिलं. ते आता खेळण्यातल्या चाकासारखं हलकं फिरत होतं, कशालाही जोडलेलं नसल्यासारखं. खालच्या व्हॉल्व्हपर्यंत जाणारा दांडाच तुटला होता.

याच वेळी वेल्डा बाजारातून परतली. साकवावर नवरा, त्याच्या बाजूला तेलाने माखलेले तीन शेजारी, आणि बांधावर मांजराची पेटी आणि गरम पाव घेऊन बसलेल्या ऑर्फाबाई. तिने पिशव्या खाली ठेवल्या.

"काय चाललंय?"

"बांध गळतोय, वेल्डा. उतारावर मोठी ओल आलीय. तळं रिकामं करतोय आम्ही."

वेल्डा उतारावर गेली. ओलीच्या वरच्या बाजूला पसरलेला पेंढा तिने पायाने सारला. खालून काळी ठिबकची नळी निघाली आणि तिच्या भोकाभोकांतून टपटप पाणी गळत होतं.

"इथलं टक्कल बाईंना दिसू नये म्हणून काल गवताचं बी टाकलं मी. रात्रभर नळी चालू ठेवलीय. तुला सांगितलं होतं."

"कधी?"

"जेवताना. तू 'हं' म्हणालास."

ऑर्फाबाईंनी पावाचा कडेचा तुकडा मोडून मांजराला दिला. मागे तळ्याचं पाणी शांतपणे कमी होत होतं.

बुधवारी संध्याकाळपर्यंत सहा फूट पाणी उतरलं. सतरा घरांचे सतरा धक्के कोरड्या जागी उंच टांगलेले. होड्या चिखलात कुशीवर झोपलेल्या. वर्षानुवर्षं ज्याला 'तळ्याचा नजारा' म्हणायचे तिथे आता मोडक्या खुर्च्या, एक बाबागाडी आणि क्लीटची पंधरा वर्षांपूर्वी 'चोरीला गेलेली' मोटार उघडी पडली होती. लोक अंगणात उभे राहून व्हर्लिनच्या घराकडे बघत. व्हर्लिन पडदे लावून आत बसला होता. उद्या बाईंना काय सांगायचं, याची त्याने चार वाक्यं तयार केली आणि चारही वेल्डाला म्हणून दाखवली.

"चारही खोटी आहेत," ती म्हणाली, आणि विणकामाकडे वळली.

गुरुवारी ठरल्या वेळी इंजिनियर बाई आल्या. डेल्फीन रस्क नाव, पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत बूट, हातात लोखंडी सळई. रिकाम्या तळ्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. त्या थेट बांधाच्या आतल्या अंगाने, एरवी पाण्याखाली असणाऱ्या उतारावर उतरल्या. सतरा घरांतली माणसं बांधावर रांगेने उभी. बाई एके ठिकाणी थांबल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्यांचा हात खांद्यापर्यंत मातीत गेला.

"पाणघुशींचं बीळ," त्या म्हणाल्या. "दार पाण्याखाली ठेवतात, म्हणून वरून कधी दिसत नाही."

त्यांनी भोकात सळई घातली. ती जातच राहिली. एक जोडली, दुसरी जोडली. तिसरी अर्ध्यावर अडली. मग त्यांनी बांधावरून टेपने मापलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला.

"पलीकडे दोन हात माती उरलीय. तळं भरलेलं असतं आणि पावसाळी आठवडा लागला असता, तर…" त्यांनी खाली ऑर्फाबाईंच्या छपराकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. "पाणी उतरवायचा निर्णय कुणाचा?"

सगळ्या बोटांनी व्हर्लिनकडे दाखवलं. दोन दिवस ती बोटं त्याच्याचकडे होती, फक्त आता त्यांचा रोख निराळा होता. क्लीटने तर आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

व्हर्लिनला गप्प राहता आलं असतं. वेल्डाही या वेळी काही म्हणाली नसती. पण त्याची नजरही त्या छपराकडे गेली, आणि तो म्हणाला, "बाई, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बायकोने लावलेल्या ठिबकच्या नळीला मी गळती समजलो. घाबरून व्हॉल्व्ह उघडला, तो मोडला. बस."

डेल्फीन बाईंनी सळईचा चिखल पुसला.

"तेवीस वर्षं मी असली धरणं तपासतेय. चारशेच्या वर झाली. विचार करून वेळेवर पाणी उतरवणारा अध्यक्ष मला अजून भेटायचाय. चुकून उतरवणारे तुम्ही तिसरे. तिघांचेही बांध शाबूत आहेत."

त्यांनी तक्ता काढला. 'पाणी उतरवण्याचे कारण' या रकान्यावर पेन थांबलं.

"काय लिहू?"

"घबराट," व्हर्लिन म्हणाला.

बाईंनी 'खबरदारी' असं लिहिलं आणि सहीसाठी तक्ता पुढे केला. वेल्डाने तो मध्येच घेतला, चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, "बाई, याची एक प्रत मला मिळेल का? आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. दाखवायला घरात काहीतरी लेखी असावं."