एकटीने तळ्यावर जाण्याबाबतची खबरदारी

एकट्याने निसर्गात जाऊन फोटो काढणं हे अत्यंत धोकादायक कृत्य आहे, याबाबत ते कृत्य आयुष्यात एकदाही न केलेल्या सर्व जाणकारांचं एकमत आहे. ज्यांनी ते केलं आहे त्यांचं मत वेगळं पडतं. पण ती माणसं सहसा बाहेर गेलेली असल्यामुळे त्यांचं मत विचारात घेता येत नाही.

सुईवाल्या काकूंच्या घरी हे एकमत एका शनिवारी, सकाळच्या चहावर झालं. काकू रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, मूठ घट्ट आवळा म्हणायचं आणि समोरच्याचा धीर सुटायच्या आत सुई काढून घ्यायची. इमारतीतल्या मुलांनी त्यांना हे नाव दिलं होतं. (मोठी माणसं ते तोंडावर वापरत नसत. आज ना उद्या त्यांच्यासमोर बाही वर करायची वेळ प्रत्येकावर येते.) काकूंच्या भावाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना बहिणीला दिला. काही महिने काकूंनी गॅलरीतून फोटो काढले. गॅलरीतून दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे समोरच्या लोकांच्या गॅलऱ्या, संपल्यावर त्यांनी जाहीर केलं की उद्या सकाळी मी गावाबाहेरच्या तळ्यावर जाणार आहे. एकटी.

हातातले कप हातातच राहिले.

सुरक्षेवर अधिकारवाणीने बोलणारी तीन माणसं एकाच घरात लाभणं, हे काकूंचं भाग्य. सासरे कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या कारकिर्दीत तिथे एकच अपघात झाला: ‘पाहून पाऊल टाका’ हा फलक भिंतीवर ठोकताना ते स्वतः स्टुलावरून पडले. यजमान विमा कंपनीत दावे तपासायचे. त्यामुळे माणूस कशाकशाने मरतो याची त्यांना माहिती होती, आणि कशाने मेला तर कंपनी हात वर करते याची त्याहून जास्त. खालच्या मजल्यावरच्या नणंदबाईंकडे तसं कोणतंच पद नव्हतं; पण त्यांच्या ओळखीत अपघात झालेली माणसं इतकी होती की त्यांच्याशी ओळख ठेवणंच जोखमीचं वाटावं.

सासऱ्यांनी बसल्या जागी धोक्यांचं वर्गीकरण केलं. तळ्यात पाणी असतं, हा पहिला धोका. प्यायला मात्र पाणी नसतं, हा दुसरा. तिथे माणसं असू शकतात, हा तिसरा. आणि नसूही शकतात, हा सर्वांत गंभीर. यजमानांनी त्यात उन्हाची भर घातली, नणंदबाईंनी सावलीची. बाथरूममध्ये घसरून पडणारी माणसं जास्त असतील की नाही, असं काकूंनी विचारून पाहिलं. यजमानांनी ते व्यावसायिक प्रामाणिकपणे मान्य केलं. मात्र बाथरूम घरातच असल्यामुळे तिथे पडलेला माणूस निदान घरी पडलेला असतो, याकडे त्यांनी लक्ष वेधलं.

जाऊ नकोस, असं कोणीही म्हणालं नाही. घर सुधारलेलं होतं. काळजी घेऊन जा, एवढंच म्हणणं होतं.

घ्यायची काळजी दोन पिशव्यांत बसली. शिट्टी, दोरी, मलमपट्टीची पेटी, विजेरी (सकाळ फार लांबलीच तर), आणि कारखान्याच्या काळातलं सासऱ्यांचं नारिंगी जाकीट, जे मैलभरावरून कोणाच्याही नजरेत भरे. वागणुकीचे नियम वेगळे. कॅमेऱ्यातून पाहताना दुसरा डोळा उघडा आणि परिसरावर असावा. फोटोच्या नादात मागे सरकू नये. मागे जायचं झाल्यास आधी वळावं, म्हणजे ते पुढे जाणं ठरतं. चिखलात पाय रुतल्यास हलू नये, बोलू नये, दम राखावा. फोनची रिंग पूर्ण मोठी असावी, आणि घरून दर पाव तासाने विचारणा झाल्यावर ‘ठीक आहे’ असं सांगावं. उत्तर न आल्यास ठीक नाही असं समजण्यात येईल.

कुठे जातोय ते एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावं, हा नियम तर सगळीकडेच मानतात. काकूंनी यजमानांना सांगितलं, यजमानांनी बहिणीला, बहिणीने नातेवाइकांच्या ग्रुपला. संध्याकाळपर्यंत ही बाई कोणत्या वाटेने, किती वाजता आणि अगदी एकटी जाणार आहे, ही बातमी इस्त्रीवाल्यापर्यंत पोहोचली. मग सगळ्यांना सुरक्षित वाटू लागलं.

पहिला रविवार अपेक्षेप्रमाणे पार पडला. काकू लव्हाळ्यांजवळ दगडावर बसल्या. बऱ्याच वेळाने पलीकडच्या काठाशी काहीतरी हललं. त्यांनी श्वास रोखला, कॅमेरा वर उचलला, आणि फोन खणखणला. ठीक आहे, असं सांगून त्यांनी पुन्हा पाहिलं तर नुसतं पाणी. असं सकाळभर चाललं. घरी आल्यावर सासऱ्यांनी फोटो बारकाईने पाहिले आणि एकाही फोटोत धोकादायक असं काही आढळत नाही, असा अभिप्राय दिला. (एकाही फोटोत काहीच आढळत नव्हतं.) नणंदबाईंनी तर जवळ घेतलं. म्हणाल्या, फोटोचं काय घेऊन बसलीस, तू धडधाकट परत आलीस, आणखी काय हवं.

 काकूंनी बूट धुतले आणि उन्हात ठेवले, पुढच्या रविवारसाठी.

यशाने माणसं गाफील होतात हे सासऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी नियमात दुरुस्ती सुचवली. एकटं जाण्यात मुख्य दोष असा आढळला, की बरोबर कोणी नसतं. काकूंच्या एकटेपणाला धक्का न लावता तो दूर करायचा, तर बरोबरच्या माणसाने दिसू नये. ही जबाबदारी यजमानांनी आपणहून घेतली. दुसऱ्या रविवारी बायको निघाली, आणि वळणापर्यंत ती गेल्याची खात्री करून ते मागोमाग निघाले.

तळ्याच्या अलीकडे झुडपांची दाट रांग होती. यजमान त्यांच्या आडून चालत होते आणि बायको नेमकी कुठे आहे ते फोनवरच्या नकाशात पाहत होते. (समोर पाहिलं असतं तरी दिसली असती. जाकीट नारिंगी होतं. पण नकाशा जास्त अचूक असतो.) नकाशात तिथे हिरवी जमीन दाखवली होती. तिच्यावर त्यांनी पाऊल टाकलं आणि ते खाली गेले. दुसरं पाऊल पहिल्याला वर काढायला टाकलं, तेही गेलं. हाक मारावी तर गुप्तता फुटणार. तेवढ्यात पाव तास भरला. शिस्त म्हणजे शिस्त. त्यांनी फोन लावला.

“सगळं ठीक आहे ना?”

“हो,” काकू म्हणाल्या. झुडपांत इतका वेळ काय सळसळतंय म्हणून त्या तिकडेच पाहत होत्या, आणि त्यांना ओळखीची टोपी दिसत होती, जरा खालच्या पातळीवर. “तुम्ही कुठे आहात?”

“घरी.”

“घरात चिखल किती आहे?”

यजमानांनी खाली वाकून पाहिलं.

“गुडघ्यापर्यंत,” यजमान म्हणाले. “थोडा वर चढलाय.”

खरं तर पायाखाली घट्ट जमीन लागली होती आणि ते आणखी बुडणार नव्हते. काकूंच्या ते ध्यानात आलं; रोज घाबरलेली माणसं पाहणाऱ्याला खरंच चक्कर येणारा आणि नुसताच येईल म्हणणारा यांतला फरक दुरून कळतो. त्यांनी शांतपणे सांगितलं, “हलू नका. बोलू नका. फोन बंद करून खिशात ठेवा. मी येतेच.”

सगळे नियम सासऱ्यांचेच होते. यजमानांनी ते तंतोतंत पाळले आणि तळ्यावर त्या दोन रविवारांतली पहिली शांतता झाली. काकू जायला उठल्या, आणि उठता उठता पलीकडच्या काठाशी पुन्हा हललं. त्या अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थांबल्या. दोन्ही डोळ्यांचं लक्ष कॅमेऱ्यात गेलं. परिसरावर एकही डोळा नव्हता. त्यांनी फोटो काढला.

मग त्या गेल्या, दोरी फेकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “मूठ घट्ट आवळा. पाय सैल सोडा.” यजमान बाहेर आले; एक बूट मात्र आतच राहिला. घोटा मुरगळला होता. काकूंनी पेटी उघडून पट्टी बांधायला घेतली. ते चिखलात बसल्या बसल्या पुटपुटले, मला वाटलं, तुला काही झालं म्हणजे.

“अहो, इतक्या वर्षांत मला काही झालंच नाहीये,” काकू म्हणाल्या. “म्हणून तर इथे येते.”

 विम्यात ही जोखीम कुठेच बसत नव्हती.

घटनेची चौकशी सासऱ्यांनी स्वतः केली. एकट्या गेलेल्या व्यक्तींमध्ये जखमींचं प्रमाण शून्य टक्के, आणि काळजीपोटी मागे गेलेल्यांमध्ये शंभर टक्के, असं निष्पन्न झालं. आकडे बोलके होते. एकटं जाण्यामुळेच मागे जावं लागतं, तेव्हा मूळ कारण एकटं जाणं हेच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नणंदबाईंनी भावाच्या पायाखाली उशी ठेवत त्याला संपूर्ण पाठिंबा दिला.

तिसऱ्या रविवारी काकूंनी बूट चढवले तेव्हा बाकी सगळे दारात होते. पाय उशीवर ठेवून बसलेले यजमान म्हणाले की जाऊ द्या तिला, मी इथून लक्ष ठेवतो, फोनची जबाबदारी माझी. हे सगळ्यांना पटलं. दर पाव तासाने यजमान फोन कानाला लावत, मान हलवत आणि आतल्या खोलीकडे वळून सांगत, “ठीक आहे म्हणते.” ग्रुपवरही तसं कळवत. तळ्यावर मात्र त्या सकाळी एकदाही फोन वाजला नाही. लग्नानंतर प्रथमच हा माणूस बायकोशी इतका नियमित बोलत होता, आणि एक शब्दही खरा नव्हता. सासऱ्यांनी ही पद्धत सर्वांत सुरक्षित म्हणून कायम केली. ती आजही चालू आहे.

तो दुसऱ्या रविवारचा फोटो काकूंनी मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर उभा राहतो आणि आपुलकीने विचारतो. एकट्याच होतात? भीती नाही वाटली? यजमान जाऊ देतात? आणि काही झालं असतं म्हणजे? काकू चहा देतात आणि सगळ्याची उत्तरंही देतात.

फोटोत काय आहे, यावर आजवर कोणी अवाक्षर काढलेलं नाही. तुम्हीही इथवर आलात. तिला काही होतंय का ते पाहत आलात, यजमान बुडतात की काय म्हणून थोडे थांबलातही. फोटोत काय आलं, ते विचारायचं राहिलं. असू दे. घोटा बरा आहे.